तिसऱ्या दिवशीची शीट

इर्मिनाच्या झोपायच्या खोलीतलं कपाट अठरा वर्षं भिंतीपासून वीतभर लांब उभं होतं. टेकवलं की मागे काळी बुरशी धरायची आणि कोटांना कुबट वास लागायचा. पाचवा मजला, कडेची भिंत नुसत्या काँक्रीटची, आणि सुवाउकीची थंडी. पोलंडात गारठ्याची बातमी निघाली की पहिलं नाव आमच्याच गावाचं येतं.

तिचा नवरा लुत्सियान याच अठरा वर्षांत गावातल्या इतर इमारतींना बाहेरून थर्माकोल चिकटवत फिरत होता.

"अख्ख्या गावाला पांघरूण घालून आला, घरची बायको तेवढी उघडी," असं इर्मिना जिन्यात भेटेल त्याला ऐकवायची. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्तच यायचं.

लुत्सियान मिस्त्री उंच, हाडकुळा. जाकिटाच्या शिवणीत, भुवयांत, कानामागे पांढरे दाणे अडकलेले. दोन्ही बगलांत थर्माकोलचा एकेक गठ्ठा मारून तो पाच मजले चढायचा आणि वर पोहोचला की म्हणायचा, "विटा वाहणाऱ्यांनी काय पाप केलं होतं कोण जाणे." शीट तापल्या तारेनं कापायची, लोण्यासारखी. मागे कडेनं गोंदाची अखंड पट्टी ओढायची, मध्ये तीन गोळे ठेवायचे. नुसते गोळे ठेवले तर मागून वारं खेळतं आणि सगळं केलेलं फुकट जातं. एवढं केलं की आतली ऊब आत राहते, भिंतीला घाम सुटत नाही, आणि वीतभर जाडीची ती हलकी शीट हातभर जाड विटांच्या भिंतीलाही हार जात नाही.

त्याची एक खोड होती. चिकटवलेल्यातली एक शीट तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः उपटून काढायचा. शीट मधूनच तुटली, दाणे भिंतीवरच्या गोंदाला धरून राहिले, तर काम पास. गोंदासकट अख्खी हातात आली, तर नापास. धडधाकट शीट मोडतो म्हणून गडी वैतागायचे.

"लग्नालाही तिसऱ्या दिवशी ओढून बघितलं होतंत काय, मिस्त्री?" त्याचा जुना जोडीदार झेनोन विचारायचा.

"तिनं मला बघितलं होतं."

त्या वर्षी सोसायटीनं आमच्या इमारतीचं काम काढलं आणि ते लुत्सियानलाच दिलं. तीन बाजू झाल्या. कडेच्या भिंतीला हात लागेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. पारा पाचाच्या खाली गेला की हा गोंद धरत नाही. लुत्सियाननं इर्मिनाला शब्द दिला, "या हिवाळ्यात तुझं कपाट भिंतीला टेकेल."

"लिहून देतोस?"

"टेकेल म्हटलं ना!"

काम खालून वर चढत गेलं. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर भिंतीवर जुन्या निळ्या रंगाचा रुंद पट्टा होता. झेनोननं ब्रश उचलला. "खरवडू?"

लुत्सियाननं पट्ट्यावर नख ओढून पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. "राहू दे. घट्ट आहे."

तिसऱ्या दिवशी त्यानं तिथली शीट ओढली. ओढली कसली, नुसता हात लावला. गोंदासकट अख्खी त्याच्या छातीवर आली. गोंदाच्या पाठीवर निळी साल निघालेली होती, सापाच्या कातीसारखी.

झेनोननं ती साल नखानं सोलून पाहिली. मग हळूच म्हणाला, "खिळे दुप्पट मारू. वरून जाळी, प्लास्टर. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"खिळा वाऱ्यासाठी असतो. वजन गोंदानं धरायचं."

"शुक्रवारपासून थंडी सांगितली आहे. हे उतरवलंत तर पाचवा मजला राहतो, मिस्त्री. तुमचा मजला!"

"माझा मजला मला माहीत नाही काय?"

चार ओळी, चाळीस शीटा त्यांनी उतरवल्या. पट्टा काँक्रीट दिसेपर्यंत खरवडला, धुतला, सुकू दिला. सोसायटीच्या चेअरमन ब्रिगिदाबाई अंगणातून ओरडल्या, "हे काय चाललंय? लावायचं सोडून सोलताय कसले?"

"माझी चूक सोलतोय," वरून उत्तर आलं.

चौथ्या मजल्याचा वरचा काठ गाठला त्याच्या दुसऱ्या दिवशी पारा घसरला. झालेल्या भागावर जाळी आणि गोंदाचा थर तेवढा आधीच बसला होता. मागे पाणी उतरू नये म्हणून वरच्या काठाला पत्र्याची पट्टी ठोकली, परांची उतरवली आणि काम वसंतापर्यंत थांबलं.

इर्मिना चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मांस भरलेले बटाट्याचे मोठे गोळे उकडले आणि ताट त्याच्यासमोर आदळलं. "खा. चौथ्या मजल्यावरचे लोक म्हणे खिडकी उघडून झोपतात. आणि मी लोकरी मोजे घालून."

"उरलेल्या शीटा आतून लावल्या असत्या, पण मग मागे भिंत आणखी घामेजते—"

"खा म्हटलं ना!"

जानेवारीत पारा उणे सव्वीसला गेला. आम्ही खालचे रेडिएटर निम्म्यावर आणून बसलो होतो. वर ती दोघं कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत आठवड्याला फडकं फिरवत होती. कोणीही त्याचे आभार मानले नाहीत. निळ्या पट्ट्याची गोष्ट झेनोननं दारू पिऊन सांगितली तेव्हा कळली.

मे महिन्यात परांची परत चढली. पाचवा मजला दोन दिवसांत झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी लुत्सियान आपल्याच घरामागच्या शीटेसमोर उभा राहिला. शेजारच्या छोट्या खिडकीतून इर्मिनानं डोकं बाहेर काढलं.

"ही पण उपटणार?"

"ही पण."

"अठरा वर्षांनी लागली आहे रे मेल्या!"

त्यानं कडेला बोटं घालून जोर लावला. शीट कडकन मोडली. निम्मी हातात आली, निम्मी भिंतीला तशीच. पांढरे दाणे उडून तिच्या केसांत गेले.

"बघ, मोडली की नाही!" ती ओरडली.

"मोडायलाच हवी होती."

खिडकी धाडकन लागली. आत जड काहीतरी फरशीवरून घासत गेल्याचा आवाज आला आणि भिंतीला ठोका बसला.

"मिस्त्री," झेनोन म्हणाला, "अजून खिळे, जाळी, प्लास्टर, सगळं बाकी आहे. तिला सांगा."

लुत्सियाननं नवी शीट उचलली. "तू सांग."