रंगाखालचा तडा

१० फेब्रुवारी २०२४ रोजी सकाळी अकरा वाजता मी माझ्या जुन्या ट्रकचे एक चाक घेऊन सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. अशा चाकात टायर एका सुट्या लोखंडी कड्याने अडवलेला असतो. हवा भरताना ते कडे उडाले, तर समोरचा माणूस वाचत नाही. म्हणून मला त्याच मापाची अखंड चाके हवी होती.

माप घेण्यासाठी तिथल्या मिस्त्रींनी रंग खरवडला. कड्याच्या खाचेत वीतभर तडा होता.

"काका, रंग कोण देतं?"

"मी. दर दसऱ्याला, पूजेआधी."

"हात चांगलाय तुमचा. तडा दिसूच दिला नाहीत."

त्या रंगालाच मी इतकी वर्षे निगा समजत आलो होतो. घरी उरलेली पाच चाके मुलगा पाहणार होता. मी त्याला फोन लावला.

"बाबा, हवाच भरतोय. चार झाली, एक राहिलं."

"कॉम्प्रेसर बंद कर आणि घरात जा."

"अहो, पण झालं काय?"

"घरात जा."

सहा अखंड चाकांची ऑर्डर देऊन मी इंदिरानगरला घरी परतलो, मुलाला दारातच थांबवले आणि बाजूला उभे राहून एकेक करत पाचही चाकांतली असेल तेवढी हवा सोडली.