पिस्ता रंगाचं आरशाचं टेबल

ताईचं आरशाचं टेबल सासरहून परत आलं ते भाजीच्या ट्रकमधून. वडनेर भोलजीला आमचा भाजीचा मळा होता आणि बाबा अधूनमधून माल घेऊन बुलढाण्याच्या बाजाराला जात. त्या दिवशी माल उतरवल्यावर ते ताईच्या सासरी गेले आणि येताना रिकाम्या टोपल्यांमध्ये टेबल आडवं घालून घेऊन आले. आरशाला पोतं गुंडाळलेलं होतं.

हे टेबल ताईच्या लग्नात दिलेलं. सागवानी, वर लंबगोल आरसा, एका बाजूला तीन खण आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जागा. सोबत बसायला स्टूल होतं, ते आलं नव्हतं. आमच्या गावात तेव्हा असं टेबल मोजक्याच घरी होतं. लग्नात बायका नवरीपेक्षा टेबलच जास्त पाहत होत्या.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिचा नवरा बुलढाण्याला एका कचेरीत कारकून होता. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल झालं नव्हतं. संक्रांतीला ती माहेरी आली तेव्हा सासूनं सांगून पाठवलं होतं, "थोडे दिवस आराम कर, आम्ही बोलावू तवा ये." होळी झाली, पाडवा झाला, बोलावणं आलं नाही. दुपारची एस.टी. फाट्यावर थांबली की ताई हातातलं काम टाकून अंगणात यायची. कोणी उतरून गावाकडे येताना दिसलं नाही की काही झालंच नाही अशी परत आत जायची.

टेबल ओसरीत ठेवलं तेव्हा ती त्याच्याभोवती एकदा फिरली. वरच्या फळीवर गरम भांडी ठेवल्याचे गोल काळे डाग पडले होते, एका खणाची मूठ तुटली होती.

"काऊन आनलं, बाबा?" तिनं विचारलं.

"त्यायच्या घरी जागा नाही म्हने," बाबा म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

खरं काय ते मला गोठ्यात कळलं. मी शेण उचलत होते. पलीकडून बाबा आईला हळू आवाजात सांगत होते, "दुसरी आनली त्यानं. माह्यासमोर हिरवा चुडा घालून पानी घेऊन आली. मी ओळखलं नाही पहिले. तहान लागली होती, पेलो मी ते पानी." आई म्हणाली, "धाकटीचं लग्न होऊ द्या. तवर हिले सांगू नका."

धाकटी म्हणजे मी. माझं लग्न वैशाखात होतं, लोणारच्या एका शाळामास्तरांशी ठरलेलं. आईनं तिकडच्या बायकांना आरशाचं टेबल देऊ असं कबूल केलं होतं, आणि बाबांना त्या वर्षी ते जमणारं नव्हतं. म्हणून तिनं ठरवलं की हेच टेबल रंगवून द्यायचं. रंग लावला, पडदा लावला की कोण ओळखतं.

मी म्हटलं, "मले नाही पाह्यजे ताईचं टेबल." आई माझ्या अंगावर ओरडली आणि मग पदर तोंडाला लावून चुलीपाशी जाऊन बसली.

ताईला सांगायचं काम आईनंच केलं. जेवताना म्हणाली, "तुह्या घरून निरोप आला की तुले नवीन करून देऊ. हे तवर धाकटीले देतो." ताईनं ताटातली भाकरी संपवली, हात धुतले आणि म्हणाली, "रंग कोनता आनसान?"

बाबांनी नांदुऱ्याहून पिस्ता रंगाचा डबा आणला, टर्पेंटाइनची बाटली, दोन ब्रश आणि पॉलिश पेपर. पडद्यासाठी बारीक गुलाबी फुलांची छीट आणली. कापड उजेडात धरून ताईनं आडवं-उभं ताणून पाहिलं. ती सुईदोऱ्यात हुशार होती.

आम्ही दोघी अंगणात कडुनिंबाखाली टेबल घासायला बसलो. जुनं पॉलिश निघायला तयार नव्हतं. पाणी मारून घासलं की तांबडा गाळ निघायचा, पुसलं की खाली फिकट लाकूड दिसायचं. हाताची बोटं सोलवटली. ताई त्या काळ्या डागांवर सगळा जोर लावून घासत होती. मी तिच्याकडे पाहायचं टाळत होते, कारण माझ्या मनात ती गोठ्यातली गोष्ट होती आणि ती चेहऱ्यावर दिसेल अशी भीती वाटत होती.

शेवटी तीच बोलली. "काऊन मान खाली घालून राह्यली? मले माहीत हाये."

"काय माहीत हाये?"

"टेबल आलं त्याच दिवशी खन झाडला मी. खालच्या खनात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, फुटलेल्या. मी तं हिरव्या बांगड्या लग्नातच घातल्या होत्या." ती घासत राहिली. "आईले सांगू नको मले माहीत हाये म्हून. तिले वाटून राह्यलं तिनं लपवलं."

मला रडू फुटलं. तिनं ओल्या, तांबड्या झालेल्या हातानंच माझ्या डोक्यावर टपली मारली आणि कामाला लाग म्हणाली.

रंगाचे दोन हात द्यायला लागले. पहिला हात वाळायच्या आत वारा सुटला आणि कडुनिंबाची पानं चिकटली, ती नखानं काढून पुन्हा घासावं लागलं. दुसरा हात ओसरीत दिला. मग ताईनं छिटेचा पडदा शिवला, चुण्या पाडून, वर नाडी ओवून, आणि मोकळ्या जागेवर लावला. उरलेल्या कापडाचे तुकडे खणांच्या तळाला चिकटवले. बाबांनी एक साधं लाकडी स्टूल आणलं होतं, त्यावर कापूस भरून तिनं त्याच छिटेची गादी बसवली. टेबल सुंदर झालं होतं. शेजारच्या बायका पाहायला आल्या तेव्हा आई म्हणाली, "मलकापूरहून आनलं." ताई तिथेच उभी होती.

लग्नाला आठवडा राहिला असेल. दुपारच्या एस.टी.नं ताईचा नवरा आला. हातात जिलबीचा पुडा होता. आईची धावपळ उडाली. तिनं त्याला ओसरीत सतरंजी टाकून दिली, पाणी दिलं. बाबा मळ्यात होते, मला त्यांना बोलवायला पाठवलं.

बाबा येऊन बसले. तोच बोलत होता. माझ्या आईची तब्येत बरी नसते, घरात करणारं कोणी नाही, झालं गेलं विसरून हिला घेऊन जायला आलो. ती दुसरी कुठे आहे, हे बाबांनी विचारल्यावर म्हणाला, "ती तिच्या माहेरी गेली. येते का नाही, काही भरोसा नाही."

मग काही बोलायचं म्हणून त्यानं टेबलाकडे पाहिलं. "धाकटीसाठी घेतलं वाटते? फारच सुंदर हाये. आमच्याकडे असं नाही भेटत."

ताई दाराच्या आत उभी होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटलं ती हसेल. ती बाहेर आली, पदर डोक्यावर घेऊन, आणि टेबलापाशी उभी राहिली.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी येत नाही."

"अवो, पन—" तो म्हणाला.

"चहा घ्या आन जा. संध्याकाळची मोटार हाये."

तो उठून गेला. चहा घेतला नाही. पुडा तिथेच राहिला.

त्यानंतरचे दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत. आई ताईशी बोलेना. बोलली की एकच, "तुह्या पायी हिचं लग्न मोडन." आणि खरंच दोनच दिवसांत गोष्ट लोणारला पोहोचली. तिकडून निरोप आला, भेटून बोलायचं आहे. बाबा एकटे गेले, दोन गाड्या बदलून. दुसऱ्या दिवशी परत येईपर्यंत घरात चूल धड पेटली नाही. ताई मळ्यात जाऊन दिवसभर एकटीच मिरच्या तोडत राहिली.

बाबांनी तिथे सगळं खरं सांगितलं होतं. टेबलाचंही सांगितलं. माझे होणारे सासरे म्हणाले होते, "तुम्ही हे आम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं." मग मास्तरच म्हणाले, लग्न ठरल्याप्रमाणे होईल.

लग्न झालं. वऱ्हाड ठरल्यापेक्षा कमी आलं, आणि कोण आलं नाही याचीच चर्चा जास्त झाली. अक्षता पडत असताना मी ताईला शोधत होते. ती आत, तांदळाच्या पोत्यांपाशी बसून वाढप्यांना भांडी काढून देत होती. बाहेर ये म्हणून कोणी तिला म्हटलं नाही. टेबल ट्रकमध्ये चढवताना मात्र ती आली आणि कोपऱ्यांना चिंध्या बांधून गेली.

लोणारला सासूबाईंनी टेबल आमच्या खोलीत खिडकीखाली ठेवलं. त्यांनी कधी टोमणा मारला नाही, पण आल्यागेल्याला ते दाखवलंही नाही. मी कित्येक महिने भिंतीवरच्या लहान आरशातच वेणी घालत असे.

ताई वडनेरलाच राहिली. मळा सांभाळला, गावातल्या बायकांचे झंपर शिवले. आई तिच्याशी पुन्हा बोलायला लागली, पण आधीसारखी नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी त्यातून विषय तिथवर जायचा. आई गेली तेव्हा शेवटचे दोन महिने तिचं सगळं ताईनं केलं, आणि तरी आईच्या तोंडात शेवटपर्यंत माझंच नाव होतं.

आईच्या दिवसांनंतर आम्ही दोघी मळ्यात बसलो होतो. तेव्हा मी धीर करून विचारलं, "तुले त्या दिवशी काय वाटलं होतं, ताई? नाही म्हनताना?"

ती वांग्याच्या वाफ्यातलं गवत काढत होती.

"त्यानं टेबल ओळखलं नाही, त्याचा राग आला होता," ती म्हणाली. "मले वाटलं, तो रागानं जाईन आन दुसऱ्या दिवशी पुन्हा येईन. दुसऱ्या दिवशी आला असता तं गेली असती मी."

"आन नाही आला."

"नाही आला," ताई म्हणाली. "मी पेटी भरून ठेवली होती."