सावंतचा साबण कोरडा ठेवताना

बातमीच्या मागे धावावं लागतं. किस्सा मात्र आपणहून येतो, चपला काढून बसतो आणि उठायचं नाव घेत नाही! नोकरीत असताना असे कितीतरी किस्से मी हाकलून दिले, कारण डेस्कवरचा माणूस विचारायचा, "यात बातमी काय?" आता असं विचारणारं कोणी नाही. त्यामुळे किस्से साचत चाललेत. त्यातले निम्मे तर एकाच साबणाचे आहेत.

हो, साबणाचे. दाढीच्या. हसू नका.

आम्ही तिघं वसईकडचे. मनवेलपाड्यातला सावंत, बँकेतून निवृत्त. भुईगावचा पास्कोल, शाळामास्तर होता, आता केळीची वाडी बघतो. आणि मी, ज्याला हे दोघं नावानं हाक न मारता "पत्रकार" म्हणतात. तिघांच्याही दाराला कुलूप लावणारा आणि काढणारा माणूस एकच. सावंतची बायको वारली. पास्कोलची बायको नातवंडं सांभाळायला कॅनडाला गेली, ती तिकडचीच झाली. माझी कोणी नव्हतीच. भांडायला सगळं जग होतं, घरी वेगळी सोय केली नाही.

सावंत वाटीतल्या गोल साबणानं दाढी करतो. ब्रश घोळवून, फेस काढून, जुन्या पद्धतीनं. हा साबण दुकानांतून नाहीसा व्हायला लागला, तेव्हा त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, आगाशीच्या एका दुकानातून उरलेसुरले सगळे उचलून आणले. "आता मरेपर्यंत बघायला नको," म्हणाल्या. कोणाच्या मरेपर्यंत, ते नाही म्हणाल्या.

वहिनी गेल्या आणि मागोमाग साबणही संपत आले. शेवटचा उरला तेव्हा सावंत घाबरला. कारण हा साबण ओला राहिला की लोण्यासारखा मऊ पडतो, ब्रशला भसाभस लागतो आणि निम्मा मोरीत वाहून जातो. नीट कोरडा राहिला तर पुष्कळ पुरतो.

"हा संपला की तिनं आणलेलं, रोज हातात घ्यायचं असं घरात काहीच उरत नाही रे," एवढंच तो एकदा बोलला. मग आम्ही कामाला लागलो.

*

पहिला मोर्चा अर्थात माझा. साबणाच्या वेष्टनावर कंपनीचा मदतीचा नंबर होता. सावंतच्याच घरून लावला. अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा, असं करत करत शेवटी एक मुलगी बोलली.

"मॅडम, तुमचा दाढीचा साबण मऊ पडतो. काय करायचं?"

"सर, ते प्रॉडक्ट बंद झालंय. आपण आमचा नवीन फोम ट्राय करा ना!"

माझं डोकंच फिरलं. "बाई, मी विचारतोय आजारी माणसाला औषध काय, आणि तुम्ही सांगताय, दुसरा माणूस घ्या!"

सावंतनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. त्यानं तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. साबण कुठून आणला, कोणी आणला, ती कशी होती, शेवटी दवाखान्यात काय म्हणाली. मुलगी मध्येमध्ये "हो सर, हो सर" म्हणत होती. मग तिनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "सर, आपल्याला अजून काही मदत करू शकते का?"

"हो," सावंत म्हणाला, "घाई नसेल तर जरा लाईनवर थांबा."

*

पास्कोलच्या ओळखीचा धर्मा नावाचा मिठागरावरचा माणूस आहे. त्यानं छातीठोकपणे सांगितलं, "साबनाखाली खडेमीठ ठेवा. सगलं पानी पिऊन टाकील!"

पास्कोल शाळेत विज्ञान शिकवायचा. त्यानंही मान डोलावली. "शास्त्रोक्त आहे, सावंत. मीठ ओलावा ओढतं."

ओढतं, पण कुठवर? वसईच्या हवेत मीठ साबणाचं पाणी पितं, मोरीतलं पितं, हवेतलं पितं आणि पोट भरलं की सगळं ओकतं! सकाळी वाटीत समुद्र झालेला आणि साबण त्यात पोहतोय. त्याच साबणानं सावंतनं दाढी केली. मला फोन आला तो किंचाळतच. "पत्रकार, कापलेल्या जागी खारं पाणी गेलंय! दाढी केली की कैरीसारखं लोणच्याला लावलं, काही कळत नाही!"

मी तडक धर्माला गाठलं. "अरे, तू स्वतः मीठ कसं ठेवतोस?"

"झाकून. उघड्यावर ठेवलं तं त्याचं पानी होईल ना!"

"मग हे आधी का नाही बोललास?"

"तुमी पेपरवाले," धर्मा म्हणाला. "मला वाटलं, तुमी विचाराल!"

*

तांदळाची कल्पना सावंतची स्वतःची. भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात, असं त्याच्या मुलीनं, पुण्याच्या मीनलनं, त्याला कधीतरी सांगितलेलं. यानं साबण उचलला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला. साबण खरंच कोरडा झाला! आनंदाच्या भरात त्यानं आम्हाला जेवायला बोलावलं.

कुकरची पहिली शिट्टी झाली आणि शिट्टीबरोबर फेस आला. दुसऱ्या शिट्टीला तर कुकरच दाढी करायला बसल्यासारखा दिसायला लागला!

"बाहेर जाऊ, पोळीभाजी खाऊ," मी म्हणालो. त्याप्रमाणे आम्ही कोपऱ्यावर जाऊन जेवलो आणि ज्याच्या त्याच्या घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पास्कोलनं विचारलं, "सावंत, त्या भाताचं काय केलंस? टाकलास ना?"

"थोडा खाल्ला," सावंत म्हणाला. "घरात कोणीतरी नुकतीच आंघोळ केल्यासारखा वास येत होता."

*

आता सोसायटीची मीटिंग. मला मीटिंग द्या, मी तिचं रणांगण करतो! माझ्या मते गुन्हेगार साबण नव्हताच. गुन्हेगार होती ओल. सावंतच्या बाथरूमची भिंत वरच्या फ्लॅटच्या गळक्या पाइपमुळे बारा महिने घाम गाळते. त्या खोलीत दगडसुद्धा मऊ पडेल! सावंतचं पत्र घेऊन मी त्याच्यातर्फे हजर झालो. बिल्डर, प्लंबर, कमिटी, वरचा भाडेकरू, सगळ्यांना सोलून काढलं. सावंत शेजारी बसून माझा सदरा ओढत होता.

सेक्रेटरी तरुण मुलगा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सावंतकडे वळला.

"काका, पाइपचं बघतोच. पण तोपर्यंत तुम्ही साबण बाथरूममध्ये ठेवताच कशाला? बेडरूममध्ये ठेवा ना. आता कोण ओरडणार आहे तुम्हाला?"

इतक्या वर्षांत मला गप्प करायला पुढारी कमी पडले होते, बिल्डर कमी पडले होते. त्या मुलाला कळलंही नाही त्यानं काय केलं ते!

घरी आल्यावर सावंतनं वाटी बेडरूममध्ये नेली. दारात थोडा वेळ थांबला. मग आत ठेवली.

*

मध्यंतरी त्यानं दाढी करणंच बंद केलं. साबण वापरलाच नाही तर मऊ कशानं पडेल? बिनतोड युक्तिवाद! पांढरीशुभ्र दाढी वाढली. वॉचमन त्याला मौलाना म्हणायला लागला, तर नंदाखालला पास्कोलबरोबर एका लग्नाला गेला तेव्हा एका म्हातारीनं फादर समजून त्याच्यापुढे हात जोडले.

पण पेन्शनवाल्याला दरवर्षी जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. पूर्वी एक सही पुरायची. आता मोबाईलसमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकवायचे. सावंतनं मिचकवले. मोबाईल म्हणाला, चेहरा जुळत नाही. पुन्हा मिचकवले. जुळत नाही!

मी मोबाईलवरच ओरडलो, "अरे, माणूस समोर श्वास घेतोय! आणखी काय पुरावा पाहिजे तुला?"

पास्कोल म्हणाला, "त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, पत्रकार. तो तुझा पेपर वाचत नव्हता."

शेवटी सावंतनं वाटी काढली, फेस केला आणि दाढी उतरवली. मोबाईलनं लगेच ओळखलं. हिरवी खूण आली.

सावंत आरशात बघत गाल चोळत होता. "चला," म्हणाला, "सरकारच्या दृष्टीनं तरी आहे."

*

हा किस्सा छोटा आहे. पास्कोलची बायको कॅनडाहून व्हिडिओ कॉलवर आली होती. आमचं साबणपुराण ऐकून ती हसत सुटली. "आमच्याकडे इथे घरभर हीटर. साबण रातभरात दगड होतो. फेस काढायला पाण्यात भिजवून ठेवावा लागतो!"

पास्कोलनं टाळी दिली. "सावंत, सुटला प्रश्न! कुरियर करू तुझा साबण कॅनडाला. कोरडा होऊन येऊ दे परत!"

सावंतनं गंभीरपणे विचारलं, "येईल ना पण परत?"

फोन अजून चालू होता. बायको कॅमेऱ्यावरून नजर काढून बाजूला कुठेतरी बघायला लागली. पास्कोल उठला आणि केळीला पाणी लावायला निघून गेला.

*

आणि हा वर्षश्राद्धाच्या दिवशीचा.

तोपर्यंत साबण झिजून बत्ताशाएवढा झाला होता. पण टिकला होता, कारण शेवटी पास्कोलचीच युक्ती लागू पडली. केळीचं वाळलेलं सोपट, म्हणजे खोडावरची सुकी साल, आडवं ठेवायचं, वापरून झालं की साबण पाण्याखाली धुऊन त्याच्यावर उभा करायचा आणि गॅलरीत वाऱ्याला ठेवायचा. पाणी निथळून जायचं, साबण खडखडीत. त्या सकाळीही सावंत दाढी करून, साबण गॅलरीच्या कठड्याच्या टोकाला ठेवून विधीला बसला होता.

मीनल पुण्याहून आली होती. तिनं सगळं आईसारखं केलं होतं. खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. कठड्याच्या मधोमध केळीच्या पानावर कावळ्याचा घास ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो.

कावळा आला. समोरच्या अँटेनावर बसला. बसूनच राहिला.

गुरुजी घड्याळ बघत होते. त्यांना पुढे नालासोपाऱ्याला जायचं होतं. "काही इच्छा राहिली असेल तर बोला," म्हणाले.

मीनलनं हात जोडले. "आई, बाबांना मी पुण्याला नेते. काळजी करू नकोस."

"मी येत नाही म्हणून सांगितलंय तुला," सावंत मागून म्हणाला.

कावळा हलला नाही.

"झाडं तोडून टॉवर बांधले," मी म्हणालो, "कावळ्यांनी तरी का ऐकायचं तुमचं!"

"पत्रकार, आजच्या दिवस गप्प बस," पास्कोल म्हणाला. मग तोच पुढे झाला. "वहिनी, आम्ही दोघं आहोत इथे. याला एकटा जेवू देणार नाही."

कावळा उडाला आणि कठड्यावर उतरला. मीनलनं श्वास रोखला. पानाजवळ आला, वड्याकडे मान वाकडी करून बघितलं, खिरीकडे बघितलं. आणि टुणटुण उड्या मारत पान ओलांडून थेट टोकाला गेला. सोपटावरचा साबण चोचीत उचलला आणि उडाला!

"बाबा, साबण!" मीनल किंचाळली. पास्कोलनं मारायला चप्पल उचलली. मी दोन्ही हात हलवत "हाड, हाड" करून ओरडत होतो.

सावंतनं पास्कोलचा हात धरला आणि चप्पल काढून घेतली. कावळा समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवरून पलीकडे गेला. दिसेनासा होईपर्यंत सावंत बघत राहिला.

"अहो, पण घासाला अजून शिवलेला नाही," गुरुजी म्हणाले. "थोडं थांबावं लागेल."

सावंतनं हात धुतले, पंच्याला पुसले आणि आत येऊन पाटावर बसला.

"मीनल," तो म्हणाला, "पानं वाढ."