पाटावरून पाहिलेला दूधसागर

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, सावलीची बाजू धरायची भारी सवय. बैलगाडी असो नाहीतर मोटार, आधी सूर्य कुठे आहे ते बघायचे आणि मगच बूड टेकायचे. निपाणीत तंबाखूची वखार चालवणारा माणूस, पण ऊन लागलं की जणू ह्यांचंच पान वाळणार!

गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीची. पाऊसकाळ नुकताच सरला होता आणि बेळगावहून दूधसागरापर्यंत हौशी प्रवाशांसाठी एक खास गाडी निघणार होती. चामड्याच्या गुबगुबीत खुर्च्या, छताला विजेचे पंखे, पगडीवाला खानसामा. आप्पांनी आम्हा चौघांची पहिल्या वर्गाची तिकिटं काढली ती आत्याबाईंसाठी, माझ्या सासूबाईंसाठी. लग्नात त्यांनी बायकोला धबधबा दाखवायचं कबूल केलं होतं, त्याला तीस वर्षं उलटली होती. आता आत्याबाईंचा एक डोळा गेलेला आणि दुसऱ्यावर पडदा चढत होता. "दिसतंय तंवर दावा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

डब्यात शिरल्या शिरल्या आप्पांनी सावलीची बाजू गाठली आणि ट्रंका, वळकट्या रचून ती पक्की केली. पलीकडे एक साहेब आणि मड्डम बसले. "गोऱ्यास्नी उन्हाचं काय कळतंय," म्हणत आप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

आदल्या दिवशी आत्याबाईंचा चतुर्दशीचा कडक उपास झाला होता आणि आज एकाशन होतं. आम्हा जैनांत एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही एका बैठकीत. जागेवरून उठलं की जेवण संपलं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी. चामड्यावर बसून त्या जेवणार नाहीत म्हणून घरून पाटसुद्धा आणला होता. खानसाम्यानं चकचकीत काटे-चमचे पुढे केले, तर आम्ही त्याच्यासमोर फडक्यातून पाणी गाळत बसलो. बिचारा बघतच राहिला.

कॅसलरॉक गेल्यावर आप्पांनी घड्याळ काढलं. "अजून तासभर हाय. जेवून घे."

आत्याबाई पाटावर बसल्या, दशमीचा पहिला घास घेतला, आणि पलीकडून मड्डम आनंदानं ओरडली. धबधबा! आप्पांचा तासाचा अंदाज साफ चुकला होता. आणि तोही तिच्या बाजूला. आमच्या सावलीच्या खिडकीत नुसता ओला कातळ. गाडी दहा मिनिटं थांबणार, असं गार्ड सांगत गेला.

"ऊठ गं," आप्पा म्हणाले.

"उठलं की जेवान संपलं. कालपासनं पोटात कायबी न्हाय, चक्कर येऊन पडीन."

"मग बस."

"बसलं तर दिसायचं न्हाय." त्यांचा आवाज रडवेला झाला.

मला आप्पांचा असा राग आला! तीस वर्षं ताटकळवून बाईला शेवटी कातळ दाखवायचा? मी नवी सून, तोंड उघडायचं नव्हतं, पण उघडलं. "आप्पा, पाटासकट उचला की. पाट सुटला न्हाय म्हंजी बैठक मोडली न्हाय."

हे शास्त्रात बसतं की नाही, ते विचारायला वेळ नव्हता. एका बाजूनं आप्पा, दुसऱ्या बाजूनं आमचे हे, आणि मध्ये मांडीवर ताट धरून आत्याबाई. साहेबानं टोपी काढून वाट दिली. खिडकी उंच, त्यामुळे पाट खाली ठेवायची सोय नाही, धरूनच उभं राहायचं. चारचौघांत बायकोशेजारी कधी उभे न राहिलेले आप्पा घामाघूम झाले.

"जेव की गं लौकर. हात भरून आलं."

"जेवलं तर खाली बघाया लागंल," आत्याबाई म्हणाल्या. "जरा वर धरा."

दहा मिनिटं त्यांनी घासाला हात लावला नाही. शिट्टी झाली, पाट खाली आला, तेव्हा कुठे त्या सावकाश जेवल्या. आप्पा उन्हातच बसून दंड चोळत राहिले.

पुढे दोन वर्षांत तो डोळाही गेला. शेजारच्या बायका विचारायच्या, धबधबा कसा होता? पांढऱ्या पाण्याचं आत्याबाई दोन वाक्यांत उरकायच्या. मग हसून सांगायच्या, "ह्यांचं हात लई कापत हुतं. पण खाली ठेवलं न्हाय मला."