जावईबापूंचं काचघर

मामांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, चष्म्याचं घर नसायचं; एक मऊ पिवळं फडकं मात्र कायम असायचं. दुकानांच्या शोकेस बनवणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. घड्याळवाला असो, चष्मेवाला असो नाहीतर चपलांचं दुकान, शोकेस बसवून झाली की मामा चार पावलं मागे जायचे, मान तिरकी करून बघायचे आणि पुढे होऊन, दुसऱ्या कुणालाही न दिसलेला एखादा ठिपका त्या फडक्याने पुसायचे. "काच दिसली की काम फसलं," असं ते म्हणत.

एकदा चष्मेवाल्याकडे एका गिऱ्हाइकाने मांडलेली फ्रेम उचलायला हात पुढे केला आणि त्याची बोटं काचेवर आपटली. गिऱ्हाईक चिडलं, चष्मेवाला ओशाळला. मामा मात्र इतके खूश झाले, की घरी येऊन त्यांनी ती गोष्ट मामींना तीनदा सांगितली.

तिसऱ्या वेळेला मामी म्हणाल्या, "बोटं मोडली का हो त्याची?"

"नाही गं."

"मग जेवायला बसा."

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणत असली, तरी खरी भाची एकच. ती इस्पितळात एक्स-रे काढायची आणि मामांच्या घरापासून दोन रस्ते पलीकडे एकटी राहायची. तिच्यासोबत काम करणारी एक बाई परगावी निघाली आणि जाताना आपला वॉटर ड्रॅगन हिच्या गळ्यात घालून गेली. म्हणजे पाण्याकाठच्या झाडांवर राहणारा हिरवागार सरडा. अंग वीतभर, पट्ट्यापट्ट्यांची शेपटी त्याच्या दुप्पट, आणि चेहरा असा, की आपणच काहीतरी चुकलोय असं बघणाऱ्याला वाटावं.

मामींनी त्याला पहिल्याच दिवशी नाव दिलं, जावईबापू. "नुसतं बसून राहायचं, समोर आणून दिलं की खायचं, आणि मनासारखं नसलं की तोंड फिरवायचं. दुसरं काय नाव देणार?"

भाची हसली, पण तिचं लक्ष त्याच्या नाकाकडे होतं. तो माशांच्या बुटक्या टाकीत राहत होता आणि दिवसभर काचेवर तोंड आपटायचा. नाकाचं सालटं निघालं होतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "जखम हाडापर्यंत गेली तर जबडा सडेल. मग तो खाणार नाही, आणि जगणारही नाही. त्याला उंच घर हवं, पोहायला पाणी, वरती ऊब आणि दमट हवा. दीड महिन्याने आणा. तोवर फरक पडला नाही, तर प्राणिसंग्रहालयाच्या माणसांकडे सोपवा."

"सोपवायचा कशाला?" मामा म्हणाले. "घर मी बांधतो."

"मामा, तुला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली."

"मी झालो. टेप नाही झाला."

त्यांनी खरोखरच खिशातून टेप काढला. पण आधी ते तासभर टाकीतल्या सरड्याला बघत बसले. गिऱ्हाइकाचा माल बघितल्याशिवाय त्यांनी कधी शोकेस आखली नव्हती.

घर सहा फूट उंच आणि चार फूट रुंद ठरलं. दमट हवेत लाकूड फुगतं, म्हणून सांगाडा ॲल्युमिनियमचा. मागची आणि दोन्ही बाजूंच्या भिंती न गंजणाऱ्या पत्र्याच्या, पुढे काचेची दोन दारं. तळाशी पाण्याचं कुंड, आणि कुंडाला खालून तोटी, कारण भाचीची कंबर दुखायची आणि रोज पाण्याचा टब उचलणं तिला जमणारं नव्हतं. हे तिने सांगितलं नव्हतं. मामांनी तिला खुर्चीवरून उठताना पाहिलं होतं. वरच्या दिव्याभोवती जाळी, म्हणजे चटका बसणार नाही. उन्हासारखा उजेड देणाऱ्या नळीखाली काच चालत नाही, त्यातले सरड्याला हवे ते किरण काचेत अडतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर तिथेही जाळी. सरड्याच्या अंगाइतक्या जाड फांद्या धुऊन, वाळवून घट्ट बसवल्या. त्यातली एक बरोबर कुंडावर झुकलेली, कारण घाबरला की हा प्राणी पाण्यात उडी टाकतो.

सांधे सिलिकॉनने भरले आणि त्याचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत मामांनी आठ दिवस कुणाला दार लावू दिलं नाही. रोज सकाळी येऊन आत डोकं घालून हुंगायचे. मामी म्हणाल्या, "जावईबापूंच्या आधी तुम्हीच राहायला जाताय की काय?"

नवव्या दिवशी वास गेला. मामांनी दारं आतून-बाहेरून पुसली, चार पावलं मागे गेले, मान तिरकी केली. काच नव्हतीच जणू. भाचीने जावईबापूंना आत सोडलं.

तो फांदीवर चढला. दिव्याखाली गेला, डोळे मिटले, उघडले. भाचीने मामांचा हात धरला. तेवढ्यात समोरच्या खिडकीबाहेर झाडाचं पान हललं आणि त्याने थेट तिकडे झेप घेतली. धाड! काचेवर तांबडा ठिपका उमटला. तो पुन्हा चढला आणि पुन्हा आपटला.

मामांनी खिशातून फडकं काढलं, पण पुसायला हात उचलेना.

"मामा, तुझी काही चूक नाही रे," भाची म्हणाली. तिने पटकन एक चादर दारांवर टाकली. आतली धडपड थांबली.

मामा त्या चादरीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आले. चादर खालून अर्धी वर सरकवली आणि खुर्ची टाकून बसले. दुपारपर्यंत त्यांनी चहासुद्धा मागितला नाही. जावईबापू तिन्ही भिंतींशी जाऊन वळत होते, एकीलाही धडकत नव्हते. चादर होती तिथेही वळत होते. खिडकीसमोरच्या उघड्या काचेवर मात्र नाक.

भाची कामावरून आली तेव्हा मामा म्हणाले, "घर लहान नव्हतं गं. म्हणजे होतं, पण तेवढंच नव्हतं. त्याला माझी काच दिसतच नाही."

"म्हणजे चष्मेवाल्याच्या गिऱ्हाइकासारखं," भाची बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

मामा हसले नाहीत. "त्या गिऱ्हाइकाला कळलं तरी, की इथे काच आहे. याला रोज आपटूनही कळत नाही. आणि चाळीस वर्षं मी तेच करत आलो, न दिसणारी काच."

त्यांनी आधी घर खिडकीसमोरून हलवून भिंतीच्या बाजूला वळवलं. भाचीने दारांच्या खालच्या भागावर बाहेरून खाकी कागद चिकटवला. आपटणं बरंच कमी झालं. पण दारं उघडताना आतलं पाणी ओघळून कागद भिजायचा, कोपरे सुटायचे आणि तेवढ्या फटीपाशी नाक पुन्हा जायचं. चौथ्या दिवशी मामांनी कागद ओढून काढला. "माझ्या कामाला ठिगळ नको. काच दिसायचीच असेल, तर नीट दिसू दे."

त्यांनी दारं उतरवली, टेबलावर घोंगडी अंथरून आडवी ठेवली आणि वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा खरखरीत कागद, हातात घेतला. चाळीस वर्षांत त्यांनी काचेवर अंगठीचाही ओरखडा पडू दिला नव्हता; कामाला जाताना अंगठी काढून ठेवायचे. आता कागद काचेला टेकला आणि तिथेच थांबला.

मामी दाराशी उभ्या होत्या. त्या आत आल्या, वाटीतलं पाणी काचेवर शिंपडलं आणि म्हणाल्या, "घासा. कोरडी होती ती."

मामांनी पहिला हात फिरवला. कर्रर्र आवाज आला आणि त्यांचे खांदे आक्रसले. मग दुसरा, तिसरा. दोन दिवस ते घासत होते. खालची दीड फूट काच दुधासारखी पांढरी केली, कडा पट्टीने आखल्यासारखी सरळ. तिच्या वरती थोड्या अंतरापर्यंत आडव्या रेघा. खाली दाट, वर जाताना विरळ. चुकलं म्हणावं असं बोटभरही काही नव्हतं. बिघडवायचं कामही त्यांनी नेटकंच केलं.

दारं बसली. जावईबापू काचेपाशी आले, पांढऱ्या कडेवर एक पंजा ठेवला, मान वरखाली केली, आणि वळून फांदीवर गेले. भाची धडका मोजायला बसली. संध्याकाळपर्यंत एकदाही नाही.

दीड महिन्याने डॉक्टरीणबाईंनी भिंगातून नाक बघितलं. "हाड शाबूत आहे. कातडी येतेय. थोडा व्रण राहील. घर कुणी केलं?"

"माझ्या मामाने."

"काच घासून घेतलीत? कुणाला सुचलं हे?"

"मामालाच," भाची म्हणाली. "आणि त्याच्याइतकं जड दुसऱ्या कुणाला गेलं नसतं."

त्या रविवारी मामा-मामी तिच्याकडे जेवायला गेले. मामांनी हात धुण्याआधी काचघरासमोर जाऊन मान तिरकी केली. आतून जावईबापूंनी कुंडात उडी टाकली आणि पाण्याचे थेंब वरच्या स्वच्छ काचेवर उडाले. मामांनी दार किलकिलं केलं, हात खिशाकडे गेला, फडकं निम्मं बाहेर आलं. इतक्यात जावईबापू फांदीवरून वर आले, काचेपाशी थांबले आणि जीभ काढून एक थेंब टिपला. मग दुसरा.

मामांनी फडकं खिशात परत ठेवलं आणि हळूच दार लावलं.

"पुसत नाही?" मामींनी विचारलं.

"राहू दे गं. पितोय तो."