मेस्त्रींची जन्मतारीख

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मी जर्मनीला गेलो तो मेस्त्रींचा पासपोर्टचा फॉर्म जाणूनबुजून चुकीचा भरून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडच्या आमच्या कारखान्यात जर्मन मशीन यायचं होतं. ते शिकायला एकाला तिकडे पाठवणार होते. पहिलं नाव मेस्त्रींचं; मला काम त्यांनीच शिकवलेलं. त्यांचं अडलं तर माझं. त्यांना इंग्रजी जमत नसे, म्हणून कँटीनमध्ये बसून दोघांचे फॉर्म मीच भरले.

जन्मतारखेपाशी ते हसले. "मास्तरान सगळ्या पोरांका एक जूनच लावल्यान रे! अख्ख्या वर्गाचो वाढदिवस एकाच दिवशी. माझो खरो जन्म शिमग्यातलो. आयशीन भटाकडसून तारीख लिहून घेतलली आसा, तीच घाल."

फॉर्मवर शाळेच्या दाखल्याचीच तारीख लागते, नाहीतर तो परत येतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्याही दाखल्यावर एक जूनच होती आणि माझ्या फॉर्मवर मी तीच लिहिली. त्यांच्या फॉर्मवर त्यांनी सांगितली ती. "मेस्त्री, असं चालत नाही," एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं नाही.

त्यांचा फॉर्म परत आला. दुरुस्तीला दिवस उरले नव्हते. "माझीच अक्कल चरूक गेलली," म्हणाले, आणि मला सोडायला हार घेऊन सहार विमानतळावर आले.

तिकडचा शिकवणारा म्हातारा फारसं बोलत नसे. चालत्या मशीनवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि कुठे कुरकुरतंय ते बोटाने दाखवायचा. मेस्त्री अगदी हेच करायचे. त्या दोघांचं भाषेवाचून अडलं नसतं. मी सहा आठवडे वही भरत राहिलो. माझ्या तळहाताला काही कळेना. बर्फ पाहिला तेव्हा आनंद झालाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. झाला, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

परत आल्यावर मी सुपरवायझर झालो. मेस्त्री माझ्या हाताखालून रिटायर झाले. भांडुपला असतात. दर गणपतीत जातो, तेव्हा ते नातवंडांना सांगतात, "माझ्या येडेपणान माझी जर्मनी हुकली." सगळे हसतात. मी आणखी एक मोदक उचलतो.

"ती चूक तुमची नव्हती, माझी होती," हे त्यांच्याच घरात, त्या नातवंडांसमोर सांगायचं देणं माझ्यावर अजून बाकी आहे.