आधी झोप सांगा

आमच्या हेडसरांसमोर माइक ठेवायला कुणी धजत नसे. प्रार्थनेला ते 'सावधान' म्हणाले की शेजारच्या गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवते, असं शिपाईमामा शपथेवर सांगत. सर माण तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरातले. लहानपणी या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या चुलत्याशी गप्पा मारायची सवय. उंब्रजजवळच्या आमच्या शाळेत ते मुख्याध्यापक झाले, पण आवाज डोंगरावरचाच राहिला.

करोना आला, शाळा बंद झाली आणि मोबाइलवर उपायांचा पूर आला. आमच्या गणिताच्या गुरुजींनी कुठलासा संदेश वाचून नाकात लिंबू पिळलं आणि अख्खी दुपार शिंकत काढली. निम्मा स्टाफ घाबरून अंगणात पळाला. हेडसर पोट धरून हसले. "लिंबू नाकात, मग सरबत काय कानात ओतायचं गुरुजी?" हसू आवरल्यावर त्यांनी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, खरं-खोटं नीट विचारून घेतलं आणि तेच शाळेच्या गच्चीवरून गावाला ऐकवलं. ज्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही त्याचं औषध घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम.

सातारा-सांगलीतल्या मुख्याध्यापकांची तेव्हा फार ओढाताण चालली होती. कुणाच्या शाळेत विलगीकरण कक्ष, कुणी नाक्यावर ड्युटीला. सरांनी आपल्या ओळखीतल्या सगळ्यांना रोज दुपारी व्हिडिओ कॉलवर बोलवायला सुरुवात केली. कुणी अहवालाचं काढलं की सर अडवायचे, "आधी झोप सांगा, मग पट सांगा." इस्लामपूरकडच्या एका बाईंनी कबूल केलं की त्या हल्ली कुकरशी भांडतात. दुसऱ्या दिवसापासून सगळे आधी कुकरची खुशाली विचारू लागले.

त्या कॉलवर कोरेगावकडचे नामदेवसर असायचे. सरांचे डी.एड.पासूनचे दोस्त, ऊसवाले, हौशी. एका दुपारी ते नुसते 'हूं हूं' करत होते. मी त्यांच्याच शाळेतली शिक्षिका, सरांच्या ऑफिसात स्वाध्यायपुस्तिका लावत होते. सर एकदम खुर्चीतून उठलेले दिसले.

"नाम्या, डावा हात का चोळतोयस रं?"

"गाद्या उचलल्या कक्षात. अवघडलाय."

"आन् पंख्याखाली घाम?"

"गप की गड्या! दवाखान्यात गेलो तर गाव म्हणंल, हेडमास्तरलाच झाला." आणि त्यांनी फोन कापला.

सरांनी नामदेवसरांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, फोन लावला. "वहिनी, ह्यो करोना न्हाई, काळीज हाय! आत्ता न्या त्याला!" वहिनींनी फोन कानापासून हातभर लांब धरला आणि तो आवाज ऐकून गल्लीतली माणसं बाहेर आली. एकानं गाडी काढली. नामदेवसर 'लोक काय म्हणतील' म्हणत होते, ते लोकच त्यांना उचलून घेऊन गेले. साताऱ्यात ईसीजीची पट्टी काढली तर हृदयविकाराचा झटका निघाला. वेळेत आणलंत म्हणून निभावलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. निरोप आला तसे सर उठले. त्यांनी तोंड धुतलं आणि आम्हा सगळ्यांचा रक्तदाब मोजायला लावला. सगळ्यांत जास्त त्यांचाच निघाला. सरांसकट आम्ही इतके हसलो की त्यांचा पुन्हा मोजावा लागला. गोळी मात्र त्याच दिवशी सुरू झाली.

सर निवृत्त झाले तेव्हा समारंभाला बंदी होती. मैदानात चुन्याचे गोल आखले आणि एकेका गोलात एकेक मुख्याध्यापक उभा राहिला. नामदेवसर गाडीतून उतरले. गळाभेट घेता येईना, म्हणून सरांनी आपल्या गोलात धनगरांच्या गजीनृत्याचा ठेका धरला. समोरच्या गोलात नामदेवसर भलतीच पावलं टाकत हलू लागले.

"आवं, डाक्टरांनी काय सांगितलंय!" वहिनी ओरडल्या.

"नाचू नको म्हणाला न्हाई!"

आपल्या माण तालुक्याकडे, दहिवडीच्या दिशेनं सरांची मोटरसायकल दिसेनाशी झाली, तेव्हा नामदेवसर कट्ट्यावर दम खात बसले होते. वहिनी त्यांची नाडी बघत होत्या, पण हसण्याच्या नादात ठोके मोजायचं राहूनच जात होतं.